हातात दांडू हवा

उत्कर्षा मॅडमनी यादीतल्या तीन शब्दांभोवती लाल गोल काढले आणि कागद राजश्रीपुढे सरकवला.

"तुझ्या वडिलांनी सांगितलेल्या यादीत 'नाल' म्हणजे चार आधी, 'मुंड' म्हणजे तीन नंतर. 'आर' म्हणजे सहा, तो तर भलत्याच नंबरावर. तेलुगू आकडे असे मोजतं का कुणी? दोन भाषांत सारखे दिसणारे शब्द ढिगानं सापडतात. दिसण्यावरून नातं ठरत नाही, राजश्री. क्रम जुळला असता, तर मानलं असतं."

बोलणं खरं होतं, म्हणूनच झोंबलं. विटीदांडूत पोरं 'वकट, लेंड, मुंड' ओरडतात, ते अर्थ विसरलेले तेलुगू आकडे आहेत, यावरच तिच्या प्रबंधाचा सगळा डोलारा उभा होता. विषय नोंदवायची मुदत आज संध्याकाळपर्यंत. नाहीतर मॅडमनी सुचवलेली 'जाहिरातींची भाषा' गळ्यात पडणार. आणि टीव्हीवर जाहिराती लागल्या की राजश्री आवाज बंद करायची.

खाली कडुनिंबाखाली पप्पा मोटरसायकलला टेकून उभे होते. त्यांचं नाव धर्मपाल, एका दवाखान्यात वॉचमन. रात्रपाळी संपवून तसेच लेकीला घेऊन विद्यापीठात आले होते, अंगात गणवेश, गाडीला काठी बांधलेली. तिनं सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"परवा खुर्चीत बसवून इचारलंस की गं. बसून कसं आठवंल? हातात दांडू नको?"

राजश्री त्यांच्याकडे बघतच राहिली. मग एका दमात दोन जिने चढली.

"मॅडम, दहा मिनिटं खाली या. पाया पडते."

मॅडम उतरेपर्यंत पप्पांनी माळ्याचा कोयता मागून छाटलेल्या फांदीची विटी तासली होती. दांडू म्हणून काठी होतीच. शेजारच्या पायरीवर नरसम्मा डबा उघडून बसली होती. बाई शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू विणकर घरातली, विभागात झाडलोट करायची. काय चाललंय याचा तिला पत्ता नव्हता.

पप्पांनी चपला काढल्या. विटी पायाच्या पंजावर ठेवली, उडवली आणि टोला हाणला.

"वकट!"

मग गुडघ्यावरून लेंड. मुठीवरून मुंड. मनगटावरून नाल. आता आठवायची गरजच नव्हती, टोल्याबरोबर शब्द आपोआप तोंडातून निघत होता. गावी टेंभुर्णीच्या माळावर चाळीस वर्षांपूर्वी शिकलेलं सगळं अंगात शाबूत होतं. कोपरावरून आयद. खांद्यावरून आर. शेवटी मान मागं टाकून त्यांनी विटी थेट कपाळावर तोलली. 

"येद!"

विटी कुंपणापलीकडे गेली.

पायरीवर नरसम्मा घास हातात धरून हसत होती. "अय्यो! ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु... एडुपर्यंत, सातपर्यंत बरोब्बर मोजले की ह्यांनी! बोबडं बोलतात, पण आमचेच आकडे हायत."

"तुम्ही यांना ओळखता?" मॅडमनी विचारलं.

"कुटलं वो, आजच बघितलं."

 मॅडम पप्पांकडे वळल्या. "नालच्या आधी काय?"

 पप्पांची आधी डावी मूठ वळली, पुढं आली. मग ते म्हणाले, "मुंड."

मॅडमनी तिथंच पायरीवर राजश्रीचा विषयनोंदणीचा अर्ज ठेवून सही केली. राजश्रीला ओरडावंसं वाटलं. आनंद पोटात मावेना. तिनं नरसम्मालाच मिठी मारली.

"उद्या अकराला माझा वर्ग असतो," मॅडम पप्पांना म्हणाल्या. "हे मला शिकवता येणार नाही. तुम्ही याल?"

पप्पांनी मागं वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारतायत की काय म्हणून. मागं कोणीच नव्हतं.

"डुटी हाय की उद्या दिवसाची," ते म्हणाले. मग काठी खांद्यावर टाकून ताठ उभे राहिले. "टाकतो रजा. पण पोरांना आधी चपला काढाय लावा."