मास्तर गेले

"वहिनी, परदेशातून मागवलेलं यंत्र बिघडलं तर दुरुस्तीला विमानानं जाणार का?" खोकं उघडता उघडता भाऊजींनी विचारलं. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आमच्या तीन गाड्यांपैकी एक चालवतात आणि उरलेल्या वेळात मला शहाणपण शिकवतात.

"जाईन. तुम्ही वायर धरा."

करणार काय? डायलिसिसच्या पेशंटना घरून आणायचं आणि परत सोडायचं, हे हॉस्पिटलचं काम सहा वर्षं आमच्याकडे होतं. तिन्ही गाड्या त्याच्यावरच चालत. आता नव्या मॅनेजरांनी फर्मान काढलं: सोमवारपर्यंत प्रत्येक गाडी कुठे आहे ते पेशंटच्या नावासकट हॉस्पिटलच्या पडद्यावर दिसलं पाहिजे, नाहीतर काम मोठ्या कंपनीला. गाडीचा ठावठिकाणा सांगणारी यंत्रं इथल्या दुकानातून घ्यायची तर एक गाडी विकून उरलेल्या दोन गाड्यांना बसवावी लागली असती. म्हणून मी समुद्रापलीकडून तीन मागवली, काडेपेटीएवढी. काम हातचं जाऊ द्यायचं नाही म्हणजे नाही.

त्या यंत्रांच्या ॲपमध्ये चक्क मराठी होती! मी हरखूनच गेले. भाऊजींच्या गाडीला मी 'मास्तर' असं नाव दिलं, कारण तिच्यातून गणिताचे निवृत्त मास्तर ये-जा करत. शिवाय गाडी हॉस्पिटलबाहेर पडली की घरच्यांना आपोआप मेसेज जायची सोय होती. मी हौसेनं काकूंचा, म्हणजे मास्तरांच्या बायकोचा, नंबर घातला. मेसेजमध्ये काय लिहिलेलं असेल ते बघायचं मात्र राहिलं.

गुरुवारी दुपारी काकूंचा फोन वाजला. 'मास्तर गेले. बारा वाजून पाच मिनिटे.'

काकूंनी हंबरडा फोडला. अख्खी बिल्डिंग जिन्यात जमली. वीस मिनिटांनी मास्तर भाऊजींचा हात धरून वर आले आणि एवढी गर्दी बघून हळूच विचारते झाले, "कोण गेलं?"

मला कळलं तेव्हा हसू नाही आलं. बातमी हॉस्पिटलात पोचली आणि मॅनेजरांनी बोलावून घेतलं.

"बाई, हा खेळ बंद. काम दुसऱ्याला."

"सोमवार अजून यायचाय, साहेब."

"बरं. मग त्या बाईंकडून मेसेज चालतील असं लेखी आणा. आणलंत तर काम तुमचं." ही काही पुन्हा त्या दारात पाय ठेवणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

मी विकणाऱ्याला लिहिलं: 'गेले हा शब्द काढा. आमच्यात माणूस गेला म्हणजे मेला.' तिकडे माझ्या मराठीचं भाषांतर कॉम्प्युटरच करायचा. उत्तर आलं: 'प्रिय मित्रा, तुमचा माणूस मेला याचे दुःख आहे. उघडलेले खोके परत घेतले जात नाही.'

भाऊजी खुर्चीवरून पडायचेच बाकी होते. मी हटते होय! मास्तरांचा पेपर वाचतानाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'जिवंत. शब्द बदला.' उत्तर आलं, 'अभिनंदन. कोणता शब्द?'

घ्या! 'सुटले'? तेही तसलंच. 'आटोपलं'? छे छे. आपल्या भाषेत सरळ घरी यायला निघालेल्या माणसासाठी धड शब्द सापडेना. शेवटी काकूंचंच दार वाजवलं.

"आता काय आणलंस?" काकूंनी दार अर्धंच उघडलं.

"चूक माझी आहे, काकू. आधी वाचायला हवं होतं. शब्द विचारायला आलेय."

काकूंनी मला आधी नीट न्याहाळलं. मग म्हणाल्या, "त्या वीस मिनिटांत मी त्यांचा इस्त्रीचा सदरा काढून ठेवला होता गं. शेवटचा म्हणून." मला रडू आलं. काकूंनी डोळे पुसले आणि दार पूर्ण उघडलं. "पण ते तिकडे असले की मी सगळी दुपार खिडकीत काढते. कुठे आहेत ते मला कळायला हवंय. 'निघाले' असं लिही."

त्याच मिनिटाला मी तो शब्द समुद्रापलीकडे धाडला. शुक्रवारी तीनदा आठवण केली. चौथ्यांदा त्यांनी लिहिलं, 'झाले, प्रिय मित्रा, झोपू द्या.'

शनिवारी दुपारी मी काकूंच्या स्वयंपाकघरात बसले होते. संमतीचा कागद ओट्यावर, सही नाही. "आधी मेसेज येऊ दे," काकू म्हणाल्या. बारा वाजले. बारा वाजून पाच झाले. माझा जीव टांगणीला लागला.

फोन थरथरला. 'मास्तर निघाले. बारा वाजून नऊ मिनिटे.'

काकूंनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग पेन उचललं, सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला, पण त्याच्यावरचा हात काढला नाही.

"रोज पाठव. आणि ऐक, एखाद्या दिवशी खरंच तसं झालं ना, तर त्या डबीकडून कळवू नकोस. तू स्वतः ये."

"येईन, काकू," मी म्हटलं.