पिरॅमिडचं वय

आमचे हे आणि शेजारचे दयानंद भावजी जमिनीवरून भांडले नाहीत की राजकारणावरून. भांडले पिरॅमिडवरून. चाकुरात बसून उंटावरून शेळ्या हाकणारे दोघंही. हे शाळेत इतिहास शिकवायचे, सगळा गाव त्यांना सिद्धलिंग सर म्हणायचा. भावजींचं मोटार रिवायंडिंगचं दुकान, आणि हातात सतत मोबाईलवरचे व्हिडिओ. संध्याकाळी आमच्या ओसरीवर चहा आला की जुंपायची.

"बारा हजार वर्षं जुनं हाय ते," भावजी म्हणायचे. "तांब्याच्या छिन्नीनं एवढाले दगड कापतेत व्हय?"

"साडेचार हजार," हे म्हणायचे. "राजाची कबर हाय ती. मजुरांनी बांधली. त्यांच्याबी कबरी शेजारीच सापडल्यात."

"मग राजाचा मुडदा कुठं हाय? दावा की!"

"चोरांनी नेला."

"हाव, तुमचे चोर लई सोयीचे!"

कुठला कोण राजा, त्याच्यापायी माझं दूध उतू जायचं.

मागच्या सोमवारी हे शाळेतून आले, पाणी मागितलं आणि खुर्चीतच गेले. आम्हा लिंगायतांच्या रीतीनं शेतात बसवून माती दिली. बायका म्हणाल्या, रड बाई, मोकळी हो. मला रडू येईना. दात काढताना सुई दिल्यावर गाल होतो, तसा जीव बधिर झाला होता. शाळेत पेपर तपासत बसले असतील, असंच वाटायचं.

आज भावजी आले. चहा घेतला आणि खाली बघत म्हणाले, "वहिनी, सर म्हणायचे तेच खरं. साडेचार हजार वर्षं. कबरच हाय ती."

माझं डोकंच फिरलं. वीस वर्षं इंचभर मागं न हटलेला माणूस!

"कशावरून? मुडदा सापडला का?"

"न्हाई."

"मग छिन्नीनं दगड कापले का? बारा हजारच हाय ते! घाला वाद."

"गेलेल्या माणसाला खोटं पाडू नये, वहिनी."

आमच्याकडं रीतच तशी. जिवंतपणी डोकी फोडा, पण माती दिल्यावर उणा शब्द काढायचा नाही.

"एकदा म्हणा भावजी, सर चुकत होते. एकदाच."

त्यांनी हात जोडले. "सर बरोबर होते."

हे असते, तर भावजी असे हरलेच नसते. हे खरंच गेले, हे मला तेव्हा कळलं.