दोन चकत्यांमधले अंतर

मी एक जुने कॉफी दळायचे यंत्र आहे. इस्पितळातून मालकीणबाई गेल्याचा फोन दुकानात आला, तेव्हा मालक दळतच होते. त्यांनी ऐकले, फोन ठेवला आणि उरलेल्या बियाही दळून संपवल्या. मग ते खाली बसले.

मित्रांनो, माझ्या पोटात दोन दातेरी चकत्या आहेत. त्यांच्यातले अंतर एका स्क्रूने कमीजास्त होते. कॉफीची सगळी चव त्या अंतरात. तीस वर्षे तो स्क्रू फक्त बाईंनी फिरवला. हवा बदलली की त्या तो जरासा हलवत, चिमूटभर पूड बोटांत चोळत आणि म्हणत, "हं, झालं." किती फिरवला, हे मालकांनी कधी विचारले नाही. बाई होत्याच ना.

त्या गेल्यावर आठव्या दिवशी मालकांनी मला मायेने पुसायला घेतले. स्क्रू पार काढला, तेल लावले, परत बसवला. बाईंनी शेवटचे लावलेले अंतर तिथेच गेले. दुसऱ्या दिवशीची कॉफी कडूजहर. शेजारचे शिंपीकाका दोन चमचे साखर जास्त घालून प्यायले. ते दोन चमचे मालकांच्या जिव्हारी लागले.

त्याच महिन्यात भिंतीला भिंत लागून अमेरिकन कंपनीचे कॉफीचे दुकान उघडले. शहरातले तिचे नववे. नऊही ठिकाणी तीच खुर्ची, तोच दिवा, तीच चव. शिंपीकाकाही एकदा जाऊन आले.

"कपावर नाव लिहून देतात," ते म्हणाले. "इथं तीस वर्षं बसतोय, कुणी नाव विचारलं नाही."

"रोज येता, नाव विसरायची सोय कुठं ठेवलीत तुम्ही?" मालक म्हणाले.

एकेक करून गिऱ्हाइके पलीकडे गेली. आता कंपनीच्या साहेबांना मधली भिंत पाडून आमची जागा हवी आहे. मला टिचकी मारून ते म्हणाले, "हे राहू द्या. काचेत ठेवू, शोभा येईल."

मालक म्हणाले, "शुक्रवारी चारला या. तोवर तिच्या हातची चव जमली, तर जागा देणार नाही. नाही जमली, तर सही करतो."

आज शुक्रवार. सकाळपासून मालक स्क्रू केसभर फिरवतात, दळतात, कॉफी करतात. लेक घोट घेते.

"जवळ आलीय, बाबा."

"जवळ नको. तीच आहे का?"

"नाही. आठवून बघा ना, आई सैल करायची की घट्ट?"

"मी गल्ल्यावर असायचो गं. पाठ असायची माझी तिच्याकडे."

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणीतरी रोज काहीतरी बिनबोभाट जमवून आणत असेल. आजच त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहा आणि विचारा. नंतर माझ्यासारख्याला कितीही पुसले, तरी त्याला सांगता येत नाही.

चाराला पाच मिनिटे कमी आहेत. साहेब कागद घेऊन दारात आले आहेत. "बसा, वेळ आहे अजून," असे म्हणून मालक पुन्हा बिया ओततात.

बाईंची चव अजून जमलेली नाही.