काळ्या पेनावरचा काना

नाशिक रोडच्या प्रेसमध्ये शामसुंदर गायधनींनी तेहतीस वर्षं छापलेल्या नोटांचे ताव तपासले. केसाएवढी रेघ चुकली तरी ताव बाद. ते निवृत्त झाले, पण नजर काही निवृत्त झाली नाही. कोथिंबिरीची जुडीसुद्धा उलटीपालटी झाल्याशिवाय त्यांच्या पिशवीत पडत नसे. त्यामुळे मेन रोडवरच्या ललितच्या पेनांच्या दुकानातून हौसेने आणलेल्या काळ्याभोर फाउंटन पेनावर चौथ्या दिवशी ओरखडे दिसले, तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अर्धा तास पारखून घेतलं होतं मी! त्याने डबीत भरताना दुसरंच सरकवलं.”

“लिहितंय ना नीट? मग राहू द्या की,” मालिनीबाई म्हणाल्या. हात त्यांनी पदराखाली धरले होते. वर्षभरापासून त्यांना कंपवात होता.

बायकोचं ऐकतील तर ते गायधनी कसले! बस पकडून ते मेन रोडला गेले आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्यांनी ललितला फैलावर घेतलं. ललित स्वभावाने गरीब. त्याने सगळं ऐकून घेतलं, मग भिंग काढून ओरखडे पाहिले.

“काका, हे घासल्याचे नाहीत. टोकदार वस्तूने दाबून कोरलंय. हा बघा, ‘श’ काढलाय कुणीतरी. पुढे काना द्यायला गेलं आणि हात सटकला.”

शामसुंदर भिंगातून बघत राहिले. त्यांचा राग जागच्या जागी विरला.

मालिनीच्या वडिलांचं भांडी बाजारात दुकान होतं. परकरात असल्यापासून ती तिथे बसून भांड्यांवर नावं घालायची. ठिपक्याला ठिपका जोडून काढलेलं तिचं अक्षर बघायला माणसं थांबायची. लग्नानंतरही घरात आलेली वस्तू, पातेलं असो की टॉर्च, नवऱ्याचं नाव घातल्याशिवाय तिने वापरायला काढली नव्हती. मग नवं पेन ती कसं सोडेल?

“दहा मिनिटांत पॉलिश करून देतो, काही दिसणार नाही,” ललित म्हणाला. “नाहीतर दुसरं घेऊन जा.”

“नको रे. मी उगाच तोंड टाकलं. माफ कर मला.”

घरी मालिनीबाई दारातच उभ्या होत्या. “दिलं बदलून?”

“नाही. नाव अर्धंच राहिलंय.”

त्या मटकन खुर्चीत बसल्या. “तुम्ही फिरायला गेला होतात तेव्हा घेतलं करायला. वाटलं, एक नाव तर जमेल. हात ऐकेना हो. तुम्ही चिडाल म्हणून बोलले नाही.” मग म्हणाल्या, “सांडेल म्हणून तुम्ही माझ्या हातातून कप काढून घेता ना, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.”

काळजीपोटीच घेत होते ते कप. विळी, निरांजन, तेलाची बरणी, एकेक करून सगळंच त्यांनी तिच्या हातून काढून घेतलं होतं. आपण घरातलं माणूसच बाद केलं, हे त्यांना आज कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

शिवणाच्या डब्यातलं दाभण आणून त्यांनी तिच्या हातात दिलं. पेन टेबलावर दोन्ही हातांनी दाबून धरलं.

“वाकडं होईल,” त्या म्हणाल्या.

“होऊ दे.”

मालिनीबाईंनी ओठ मिटले. दाभणाचं टोक दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा टेकलं. काना हळूहळू खाली उतरू लागला, वेडावाकडा. शामसुंदरांना तो दिसेना. डोळे भरून आले होते आणि हुंदका काही केल्या आवरत नव्हता.

“हलू नका हो,” मालिनीबाई मान वर न करता म्हणाल्या, “अक्षर बिघडतंय.”