ब्रेकवरचा पाय

भगवानदादांनी पस्तीस वर्षं टेम्पो चालवला, पण मुलाने, हृतिकने, बॅटरीची गाडी घेतली तेव्हा सगळ्यांत जास्त खूश तेच झाले. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला हौस आली. हौस कसली डोंबलाची! त्या गाडीत एक मोड होता. रेसवरून पाय उचलला की गाडी स्वतःच वेग आवरायची आणि आपसूक थांबायची. ब्रेकला पाय लावायची वेळच क्वचित यायची. दादांना तेच हवं होतं, कारण साखरेच्या आजाराने त्यांचे दोन्ही पाय दोन वर्षांपासून बधिर झाले होते. पायातली चप्पल निसटली तरी खाली बघितल्याशिवाय कळत नसे. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं की किल्ली जाणार, आणि मग दिवसभर ओट्यावर बसून राहायचं.

रविवारी सून मनिषा गाडी घेऊन खारघरला गेली. त्या मोडात गाडी गचके देते, तिला मळमळतं, म्हणून तिने साधा मोड लावला. परत आल्यावर सांगायचं मात्र राहून गेलं.

सोमवारी भरदुपारी दादा बायकोला, मालूला, डोळ्यांच्या डॉक्टरकडून घरी आणत होते. पळस्पे फाट्यावर पुढे एक टेम्पो थांबलेला. दादांनी नेहमीसारखा पाय उचलला. गाडी आपली निवांत पुढे चालली. त्यांनी पाय ब्रेककडे नेला. ब्रेकवर पडला की रेसवर? काही समजेना. मान खाली घालून बघितलं तर पाय बरोबर ब्रेकवरच होता, नुसता टेकलेला. तो दाबेपर्यंत गाडी टेम्पोवर आदळली होती.

मालू किंचाळली. कुणाला लागलं नव्हतं. दादांना भीतीसुद्धा वाटली नाही, आणि त्याचंच त्यांना नवल वाटलं.

घरी अंगणात चेपलेला बंपर आणि गाडीतला बदललेला मोड बघून हृतिक बायकोवर खेकसला. "मोड बदललास तर सांगायला काय झालं होतं? बाबांनी पस्तीस वर्षांत साधा ओरखडा नाय पाडला गाडीला!"

"चुकलंच माझं, बाबा," मनिषा रडवेली होऊन म्हणाली.

दादा गप्प. गप्प राहणं किती सोपं होतं! चूक सुनेच्या पदरात, किल्ली त्यांच्या खिशात. लाज वाटायला हवी होती. तीही पायांसारखीच झाली असावी.

"बाबा, तुमची एक चप्पल कुठंय?" मनिषाने डोळे पुसत विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. उजवा पाय उघडा होता, उन्हाने तापलेल्या लादीवर. किती वेळ, देव जाणे. मालूने वाकून लादीला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"अवो, भाजत नाय तुमाला?"

"नाय," दादा म्हणाले. "ब्रेक पन नाय समजत. दोन वरसं झाली. पोरीची चूक नाय."

त्यांनी खिशातली किल्ली काढून मनिषाच्या हातात ठेवली. मालूने खाली बसून त्यांचा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि सावलीत ठेवला. तिने हात लावला, हेही त्यांना बघूनच कळलं.