सेकंदाला पंचवीस चित्रं

आमच्या बेटावरच्या पालो गावात मी लग्नांचं शूटिंग करतो. त्या वर्षी कोन्सोर्शियाबाईंचा नाच टिपला. वय अडुसष्ट, आणि अख्ख्या गावाला बांबूंमधला नाच, दोघींनी खाली बसून आपटलेल्या बांबूंमधून पाय टाकायचा, त्यांनीच शिकवलेला. सगळे त्यांना 'माना' म्हणतात, म्हणजे ताई. धाकटी बहीण लुडी ऑस्ट्रेलियात, डार्विनला. तिथल्या पोरींना शिकवायला तिला डीव्हीडी हवी होती.

डीव्हीडी पोचली आणि आठवड्यात माना माझ्या दुकानात हजर.

"लुडी फोनवर हसत होती मेली! म्हणे, माना, तुझा पाय बांबूत अडकतोय, वय झालं तुझं."

"पाय नाही अडकला, चूक माझी," मी म्हटलं. "आपल्याकडे टीव्हीची पद्धत एनटीएससी, सेकंदाला तीस चित्रं. त्यांच्याकडे पाल, पंचवीस. मी इथल्या पद्धतीनं घेतलं आणि मग बदललं. बदलताना सहातलं एक चित्र गळतं."

"आणि नेमका त्यातच माझा पाय वर होता?"

"तसंच काहीसं."

"मग आधीच पंचवीस घ्यायची ना, शहाण्या!"

खरं होतं. शेजारच्या ताक्लोबान शहरातल्या मित्राकडून सिंगापूरचा पाल कॅमेरा मागून आणला. हॉलमधल्या ट्यूबलाइट त्यात लुकलुकायला लागल्या, म्हणून सकाळी अंगणात, उन्हात शूटिंग केलं. माना तीनदा नाचल्या. बांबू धरणाऱ्या दोघी दमल्या, या नाही.

पण मानांच्या टीव्हीवर ते चालेना. नुसत्या काळ्यापांढऱ्या पट्ट्या.

"नाचले मी, आणि मलाच दिसू नये?"

"तुमच्यासाठी बदलून देतो."

"नको. पुन्हा अडखळेन. ती अडखळणारी बाई माझ्या घरात नको."

न बघताच डीव्हीडी पाठवली. बारा दिवसांनी फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडे बिनागोल, नारळाच्या करवंटीतलं गोड, खात बसलो होतो. त्यांनी स्पीकर लावला.

"पाय बरोबर पडतोय ना गं?"

लुडी म्हणाली, "पाय छान पडतोय. पण किती वाळलीयेस, माना! जेवतेस ना?"

"तुझा टीव्हीच तसा दाखवतो."

"खरं सांग."

"मग ये ना रांधायला," माना म्हणाल्या आणि माझ्याकडे पाठ केली.

नाताळात लुडी आली. दोघी अंगणात नाचायला उभ्या राहिल्या. बांबू धरायला एक माणूस कमी पडत होता, म्हणून कॅमेरा बाकावर ठेवून मी खाली बसलो.