मैना विचारत होती

देवमन गुरुजींनी त्या सभेत बोलायला नको होतं. पण चार माणसं ऐकायला बसली आणि गुरुजी गप्प राहिले, असं अकोल्यात कोणी पाहिलेलं नव्हतं.

साल सहासष्ट, महिना जुलै. शाळा नुकत्या सुरू झाल्या होत्या आणि पालकांची पहिली सभा भरली होती. कमलाकांत गुरुजींनी तक्रार मांडली की गावात रेडिओ वाढले तशी पोरं बिघडली. पूर्वी सकाळी घरोघरी पाढे ऐकू यायचे, आता सिनेमातली गाणी ऐकू येतात. त्यांच्या वर्गातल्या एका पोराने सतराचा पाढा म्हणता म्हणता मध्येच गाण्याची ओळ घेतली, आणि ती चुकली मात्र नाही. पालकांत दोन तट पडले. कोणी म्हणालं, ऐकू द्या, दोन गोष्टी कानावर पडतात. कोणी म्हणालं, शाळेच्या आधी कसला आलाय रेडिओ, डोक्यात तेच घोळत राहतं.

मग देवमन गुरुजी उठले. सकाळचं डोकं म्हणजे पुसलेली पाटी, तिच्यावर पहिलं अक्षर कोणी काढायचं हे आईबापांनी ठरवायचं, असं ते म्हणाले. लोकांनी मान डोलावली. कमलाकांत गुरुजींनी हसत हसत विचारलं की तुमच्या घरीही रेडिओ आलाय म्हणतात, तिथे कसं काय? गुरुजी छाती पुढे काढून म्हणाले की आमच्याकडे सकाळी रेडिओ लागतच नाही.

ते खोटं बोलले नव्हते. त्यांना तसं वाटत होतं, कारण सकाळी ते घरात नसतच. उजाडलं की पिशवीत अंकलिप्या आणि खडू घेऊन ते वस्तीतल्या विहारात जात. जिनिंगमध्ये सरकी-कापसाच्या कामाला जाणाऱ्या बायांचा साक्षरता वर्ग त्यांनी तिथे सुरू केला होता. घरात अक्षर शिकलेला पहिला माणूस तेच. बाप बार्शीटाकळीकडे दुसऱ्याच्या वावरात राबला. छप्पन साली बापलेक नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि परतीच्या वाटेवर बाप म्हणाला होता की आता तू एकटा शिकून भागत नाही. गुरुजींनी ते मनावर घेतलं. वर्गात पंधरा-वीस बाया यायच्या. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, फडक्यात बांधायच्या, अ-आ गिरवून तिथूनच जिनिंगला जायच्या. गुरुजींना त्या वर्गाचा अभिमान होता, आणि तो वाजवीच होता.

सभेनंतर दोन-चार दिवसांनी जिनिंग बंद होती म्हणून बाया आल्या नाहीत. गुरुजी लवकर घरी परतले. अंगणातच त्यांना बातम्या सांगणाऱ्याचा आवाज ऐकू आला. आत पाहतात तर मैना एक वेणी घालून दुसरीची रिबीन दातात धरून उभी. सातवीतली मुलगी, वर्षाच्या शेवटी बोर्डाची परीक्षा. धाकटा श्रावण पुस्तक पालथं घालून रेडिओच्या हिरव्या दिव्याकडे टक लावून बसलेला. बायको भागीरथा चुलीपुढे होती. हातात पिठाचा गोळा तसाच, ओठ काहीतरी पुटपुटत होते, आणि तव्यावर भाकर करपत होती.

गुरुजींनी खटका बंद केला. हे कधीपासून, असं त्यांनी विचारलं. रेडिओ आला तसं, असं भागीरथाने सांगितलं आणि करपलेली भाकर आपल्या वाट्याला बाजूला ठेवली. गुरुजी रागावले ते पोरांवर कमी आणि स्वतःच्या शब्दावर जास्त. भर सभेत छातीठोक सांगून बसलो आणि घरात हे. त्यांनी त्याच दिवशी हुकूम काढला की सकाळी रेडिओ बंद, लागेल तो संध्याकाळी. आणि आपल्या पाठीमागे काय होतं हे आता ठाऊक झाल्यामुळे रेडिओच्या मागे खोचायची वायरच काढून ते रोज पिशवीतून विहारात नेऊ लागले. न रहेगा बांस, न बजेगी बांसुरी.

पोरं दोन दिवस फुरंगटली, तिसऱ्या दिवशी अभ्यासाला लागली. आणि खरं सांगायचं तर गुरुजींचं चुकलं नव्हतं. श्रावणचे पाढे पक्के झाले. मैनाचं गणित सुधारलं. दोघंही शाळेत वेळेवर पोचू लागली. भाकर एकदाही करपली नाही. कमलाकांत गुरुजींनी श्रावणची पाठ थोपटली तेव्हा देवमन गुरुजींना वाटलं की एवढी सोपी गोष्ट लोकांना कशी कळत नाही. त्यांनी आणखी दोन-तीन पालकांना वायरची युक्ती सांगितली.

दिवाळी जवळ आली. एकदा जेवताना गुरुजींना काहीतरी चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. वरणात मीठ होतं, ठेच्यात लसूण होता. मग लक्षात आलं की कोणी काही विचारत नाही.

उन्हाळ्यात असं नव्हतं. रात्रीचं ताट वाढता वाढता भागीरथा म्हणायची, "मैना इचारत होती, रुपयाचं अवमूल्यन झालं म्हणजे काय झालं? आपल्या डब्यातला रुपया तं तोच हाय ना." कधी म्हणायची की मैनाला लोकसभा आणि राज्यसभा अशा दोन कशाला लागतात ते कळत नाही. ताश्कंद हे गाव हिंदुस्थानात की बाहेर, हेही मैनालाच हवं असायचं. गुरुजींना असले प्रश्न म्हणजे मेजवानी. ते हात वाळेपर्यंत समजावून सांगायचे. मैना खाली मान घालून भाकर चुरायची, श्रावण पेंगायचा, आणि भागीरथा ताटावरच्या माश्या वारत ऐकत बसायची. पोरीची समज मोठी आहे, हिला वकील करायची, असंही एकदा गुरुजी बोलून गेले होते.

आता पोरगी काहीच विचारत नव्हती. गुरुजींना धसका बसला. पाठांतराच्या नादात पोरीचं डोकं तर बंद पडलं नाही ना? हाताने लावलेलं झाड आपणच खुडलं की काय? भागीरथा भांडी घासायला मोरीवर गेली तेव्हा त्यांनी मैनाला जवळ बसवलं आणि लाडाने विचारलं की बेटा, तू आता पूर्वीसारखं काही विचारत नाहीस.

मैनाने मोरीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मी कवा इचारलं, बाबा? आई इचारे. माह्यं नाव सांगे."

गुरुजींना आधी कळलंच नाही. मग कळलं तसं वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं तसा थोडा रागही आला, कारण आपलं चुकल्याचं उमगलं की माणसाला पहिल्यांदा रागच येतो. त्यांना तो करपलेल्या भाकरीचा दिवस आठवला. भागीरथाचे ओठ हलत होते ते कशासाठी, हे त्यांनी विचारलंच नव्हतं. मैनाने तेही सांगितलं. आई बातमीतला शब्द पकडायची आणि तो विसरू नये म्हणून रात्रीपर्यंत मनात घोकायची. दळण दळताना, पाणी भरताना, तेच. कधी शब्द निसटला तर मैनाला विचारायची की काय व्हता व तो.

आणि नाव मैनाचं का, हे मैनाला विचारावं लागलं नाही. मास्तरच्या बायकोला इतकंही येत नाही, असं नवऱ्याला वाटू नये. बायकोपेक्षा पोरीला समजावणं नवऱ्याला जास्त गोड लागतं, हेही भागीरथाला ठाऊक असणार.

गुरुजी मोरीपाशी जाऊन उभे राहिले. भागीरथा राखेने पातेलं घासत होती. "मले काहून नाही सांगतलं?" त्यांनी विचारलं.

"काय सांगू?" ती म्हणाली. "पोरायचा अभ्यास चांगला चालू हाय. श्रावणले पाढे येऊन राहिले. त्यायच्यासाठी बंद केला ते बरोबरच केलं तुमी. त्यायले दिवसभर शाळा हाय. सांजेले पोरायची गाणी लागतेत, मले सकाळचा तेवढाच घंटा व्हता, तं तेवढ्यासाठी त्यायच्या मधात कायले येऊ."

तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता. असता तर गुरुजींना बरं झालं असतं, रुसवा काढता येतो. त्यांनी मग ते बोलून टाकलं जे बोलायला नको होतं, जसं त्या सभेत बोलले होते. "शिकाचं मनात व्हतं तं वर्गाले काहून नाही आली? चांगल्या पंधरा-वीस बाया येतात."

भागीरथाने पातेलं पालथं ठेवलं आणि पदराला हात पुसले. "तानुबाई येतच नोती. तुमी तिच्या घरी कितीकदा गेलते. तिच्या सासूले समजावलं, तवा ती आली. नत्थुजीनं नाई म्हटलं, तं त्याच्या ओसरीवर बसून राहिले, अन् त्याच्या बायकोले घेऊनच उठले. अख्ख्या वस्तीत तुमी घरोघर फिरले. आपल्या घरी कवा आले?"

भाकरी कोणी थापल्या असत्या, असं गुरुजींच्या ओठांवर आलं होतं, पण तानुबाई भाकऱ्या कधी थापते हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनीच ते वर्गात कौतुकाने सांगितलं होतं. भागीरथा भांडी उचलून आत गेली.

सकाळी त्यांनी वायर रेडिओला खोचली. दोन्ही पोरांना पुस्तकं घेऊन विहारात पाठवलं आणि बजावलं की माझी वाट पाहू नका, कोपऱ्यात बसून वाचा, बाया आल्या तर त्यांना बसवा. कमलाकांत गुरुजींना काय सांगायचं हा विचार मनात आला. पोरांच्या सकाळीबद्दल आपण बोललो ते खरंच होतं. पण घरात पोरांखेरीज आणखी कोणी असतं, याचा त्या सभेत कोणालाच पत्ता नव्हता, आणि सगळ्यात कमी पत्ता आपल्याला होता, हे त्यांना सांगून टाकायला हवं. त्यांना हसायचं तर हसोत.

गुरुजी पिशवी घेऊन निघाले आणि अंगणातून परत फिरले. वहाणा उंबऱ्याबाहेर काढून ते स्वतःच्याच दारात उभे राहिले, जसे दुसऱ्यांच्या दारात राहत तसे. नळावर पाणी भरणारी शेजारची गंगूबाई कळशी तशीच ठेवून पाहू लागली. गुरुजींचे कान तापले. वीस दारांत उभं राहताना जी जीभ सरसर चालायची ती आज जड झाली होती. पण त्यांनी दाराची कडी वाजवली.

"भागीरथाबाई," ते म्हणाले, "विहारात बायांचा वर्ग आहे. तुम्ही शिकायला यावं अशी माझी विनंती आहे."

आत बातम्या चालू होत्या. भागीरथा चुलीपुढून उठली नाही. तिने मान वळवून दाराकडे पाहिलं, आणि मग पुन्हा रेडिओकडे कान दिला.

"थांबा," ती म्हणाली. "बातम्या होऊ द्या."

गुरुजी पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसले. त्या दिवशी वर्ग उशिरा भरला.